पगार मेंटेनन्समधून, टी-शर्ट ज्याचा त्याने

टाइमशेअर रिसॉर्टमध्ये प्रत्येक ओनर अपार्टमेंटचा वर्षातला एक आठवडा विकत घेतो आणि देखभालीसाठी दरवर्षी मेंटेनन्स भरतो. तिथल्या ॲक्टिव्हिटींचे पैसे कोणी द्यायचे, हा वाद ओनर्सच्या सभेत पुन्हा पुन्हा निघतो. एक बाजू म्हणते, मेंटेनन्स भरतो ना, मग सगळं फुकट हवं. दुसरी म्हणते, जो खेळेल तो भरेल. माझं मत असं: शिकवणाऱ्या माणसांचा पगार आणि जागा मेंटेनन्समधून, आणि पाहुणा जी वस्तू घरी घेऊन जातो तिचे पैसे त्याच्याकडून.

आधी पगाराचा हिशोब करून बघा. १०० अपार्टमेंटचं रिसॉर्ट धरा. वर्षातला एक आठवडा दुरुस्तीला ठेवला तर विकण्याजोगे आठवडे होतात ५,१००. ॲक्टिव्हिटीला दोन माणसं, प्रत्येकी आठवड्याला ४० तास, म्हणजे वर्षाचे ४,१६० तास. भागून बघितलं तर एका आठवड्याच्या ओनरवर येतो एका कर्मचाऱ्याच्या ४९ मिनिटांचा पगार. दहा टक्के ओनर्सनी मेंटेनन्स थकवलं तरी ५४ मिनिटं. रजा आणि विमा धरला तरी तास-सव्वा तासाच्या पुढे जात नाही.

आता तेच पैसे दारात वसूल करा. आठवड्याला २५ कार्यक्रम, प्रत्येकाला सरासरी ८ जण, म्हणजे २०० हजेऱ्या. ८० तास त्यावर वाटले की माणशी २४ मिनिटांचा पगार. चौघांच्या कुटुंबाने रोज एक याप्रमाणे पाच कार्यक्रम केले तर आठ तासांचा पगार त्यांच्या बिलात चढतो, साहित्य वेगळंच. मग लोक येत नाहीत, हजेरी घटते, दर आणखी वाढवावा लागतो आणि दोन-तीन हंगामांत ॲक्टिव्हिटी रूमला कुलूप लागतं.

‘एक्स्चेंजवर, म्हणजे आपला आठवडा दुसऱ्या रिसॉर्टच्या ओनरशी बदलून, आलेल्यांकडून जास्त घ्या’ ही मागणीही मला पटत नाही. त्या आठवड्याचं मेंटेनन्स मूळ ओनरने भरलेलं असतं. खोलीत कोण झोपलंय त्यावरून पगाराचा खर्च बदलत नाही. पाहुण्याकडून पुन्हा घेणं म्हणजे एकाच आठवड्याची दोनदा वसुली. आणि आरसीआयसारख्या अदलाबदल कंपन्या याच पाहुण्यांचे अभिप्राय घेऊन रिसॉर्टचा दर्जा ठरवतात, हे विसरून चालणार नाही.

साहित्याचा दर मात्र नीट काढायला हवा, आणि इथेच बहुतेक ठिकाणी चुकतं. टाय-डायचा, म्हणजे बांधून रंगवलेला, टी-शर्ट घ्या. खर्चात फक्त शर्ट आणि रंग धरले जातात. हातमोजे, रबर बँड, सोडा ॲश (धुण्याचा सोडा), पिशव्या राहून जातात. टाय-डायला वापरतात तो, कापडाला पक्का बसणारा रिॲक्टिव्ह रंग एकदा पाण्यात कालवला की काही दिवसांत त्याची ताकद जाते. सोडा ॲश रंगातच टाकला तर फार लवकर, म्हणून शर्ट आधी सोड्याच्या पाण्यात १५-२० मिनिटं भिजवतात. १५ जणांचा रंग कालवला आणि चारच आले, तर उरलेला ओतूनच द्यावा लागतो. म्हणून दर काढताना माणसं १५ धरू नका, ८ धरा. त्यावर खराबीचे १० टक्के. शर्ट शंभर टक्के कॉटनचे घ्या. पॉलिस्टर मिसळलेल्या स्वस्त शर्टावर रंग फिका बसतो आणि पैसे परत करावे लागतात. मापं चुकली की लहान मुलांचे आणि सगळ्यात मोठे शर्ट कपाटात पडून राहतात, तोही खर्चच. कुणी स्वतःचा कॉटन शर्ट आणला तर फक्त रंगाचे पैसे घ्यावेत.

वारही महत्त्वाचा. रंगवलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत १२ ते २४ तास ओला ठेवून मग धुवायचा असतो. चेक-आउट शनिवारी सकाळी असेल आणि वर्ग शुक्रवारी दुपारी ठेवला, तर न धुतलेली ओली पिशवी पाहुण्याच्या सुटकेसमध्ये जाते आणि बाकीचे कपडे रंगतात. सोमवार-मंगळवार हेच योग्य दिवस.

पूर्ण फुकट असलेल्या कार्यक्रमांचं दुखणं वेगळं. पहिल्याच दिवशी लोक आठवडाभराची सगळी नावं लिहून टाकतात. १२ जागा भरलेल्या दिसतात, प्रत्यक्षात पाच येतात आणि ज्यांना खरंच यायचं होतं ते परत गेलेले असतात. त्यावर उपाय म्हणजे छोटं डिपॉझिट: आला की हातात परत, आदल्या संध्याकाळी सहापर्यंत रद्द केलं तरी परत.

ॲक्टिव्हिटीचा खर्च सेल्सवाल्यांकडे सोपवण्याला माझा ठाम विरोध आहे. रिसॉर्ट बांधून आठवडे विकणारा डेव्हलपर विक्री चालू असेपर्यंत हात सैल सोडतो. सगळे आठवडे विकले गेले की तो पैसा आटतो आणि ओनर्सच्या असोसिएशनला एकदम मेंटेनन्स वाढवावं लागतं. तोवर पाहुण्याला सहलीचं कूपन हवं तर आधी दीड तास विक्रीचं बोलणं ऐकत बसावं लागतं. सुट्टीतला दीड तास ही फार मोठी किंमत आहे.

सायकली आणि कयाक राखीव निधीच्या (जुन्या वस्तू बदलायला साठवलेल्या पैशांच्या) यादीत आयुष्यमानासकट लिहा, छपराच्या आणि सोफ्यांच्या शेजारी. पगार मात्र त्या निधीतून कधीही काढू नका. बाहेरच्या सहलींचा पूर्ण खर्च पाहुण्याने द्यावा, आणि त्यावर मिळणारं कमिशन ॲक्टिव्हिटीच्याच खात्यात दिसावं.

पुढच्या वार्षिक सभेत अंदाजपत्रक हाती आलं की ‘ॲक्टिव्हिटी’ ही ओळ शोधा. पगार, साहित्य आणि कमिशन एकाच आकड्यात कोंबलेले असतील, तर तिन्ही आकडे वेगवेगळे मागा.