‘एस म्हणजे सेफ’ वाला मेसेज परत आलाय

तोच मेसेज परत फिरतोय. या वेळी मला दोन दिवसांत चार जणांनी पाठवला, त्यातले दोघं तर दिवसभर कॉम्प्युटरपुढेच बसतात. मेसेज थोडक्यात असा: वेबसाइटच्या पत्त्यात आधी एचटीटीपीएस असेल तर शेवटचा एस म्हणजे सेफ, साइट तपासून पास केलेली, शेजारी कुलूप दिसलं की बिनधास्त पासवर्ड टाका, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसेल तर साइट नकली, नुसतं एचटीटीपी असेल तर उघडल्या उघडल्या फोन हॅक, आणि वर एक युक्ती, की कुठल्याही पत्त्यात आपल्या हाताने एस घातला की ती साइट सुरक्षित. खाली अर्थातच ‘सगळ्यांना पाठवा’, एका लिंकसकट.

आता एकेक घेऊ. एस म्हणजे सेफ नाही, सिक्युअर. तुम्ही म्हणाल काय फरक पडतो, तर इथे खूप पडतो, कारण सिक्युअर आहे ती वाट, वाटेच्या टोकाला बसलेला माणूस नाही. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर (साइट जिथे ठेवलेली असते तो कॉम्प्युटर) कुठल्या नियमांनी बोलणार ते, आणि एस लागला की तेच बोलणं टीएलएस नावाच्या थरातून एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात जातं. नेटस्केपने 1994 मध्ये हे आणलं तेव्हा त्या थराला एसएसएल म्हणायचे. मधल्या कुणाला मजकूर वाचता येत नाही की गुपचूप बदलता येत नाही, आणि पत्त्यात जे नाव लिहिलंय त्याच नावाच्या सर्व्हरशी आपण बोलतोय एवढी खात्री मिळते. बस. त्या नावामागे बँक आहे की भामटा, याबद्दल एस एक अक्षर बोलत नाही.

‘तपासून पास’ हे तर धमालच आहे. मी मागे एका प्रयोगाच्या साइटसाठी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट, म्हणजे एचटीटीपीएस चालवायला साइटला लागणारा डिजिटल दाखला, काढलं. ही 2015 च्या शेवटी सगळ्यांसाठी सुरू झालेली फुकट सेवा, आणि चांगली सेवा आहे, तिला नावं ठेवत नाहीये. एक कमांड दिली, प्रोग्रामने माझ्याच सर्व्हरवर ‘वेल-नोन’ नावाच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवली, समोरच्यांनी ती बाहेरून उघडून बघितली, म्हणजे हे डोमेन (साइटचं पत्त्यातलं नाव) खरंच याच्या ताब्यात आहे एवढं त्यांना कळलं, आणि सर्टिफिकेट हातात. चहा ओतून घेईपर्यंत झालं सगळं. मी कोण, साइटवर काय विकणार, लोकांना गंडवणार का, कोणी विचारलं नाही आणि विचारणं त्यांचं कामही नाही. ओळखीची कागदपत्रं तपासून देतात तीही सर्टिफिकेटं असतात, पण त्यांच्यासाठी पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव वेगळं दाखवणं क्रोम आणि फायरफॉक्सने 2019 मध्येच बंद केलं, कारण तिकडे कोणी बघतच नव्हतं.

आता कुलूप. ‘कुलूप दिसलं की पासवर्ड टाका’ हे मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. मला जे फुकट आणि मिनिटात मिळालं ते चोराला मिळणार नाही का? 2019 च्या जूनमध्ये एफबीआय या अमेरिकन तपास संस्थेने याच विषयावर जाहीर इशारा दिला होता, की नुसतं कुलूप किंवा एचटीटीपीएस बघून साइटवर विश्वास टाकू नका. आणि क्रोमवाल्यांनी 2023 मध्ये डेस्कटॉपवरचं कुलूपच काढून टाकलं, तिथे आता सेटिंगच्या दोन दांड्यांसारखं चिन्ह आहे. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं: जवळपास सगळ्या फिशिंग साइट (पासवर्ड वगैरे चोरायला बनवलेल्या नकली साइट) आता एचटीटीपीएसवरच असतात, आणि त्यांच्या 2021 च्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ फक्त 11 टक्के लोकांना सांगता आला. म्हणजे ज्यांनी कुलूप लावलं तेच म्हणतायत की गैरसमज होतोय, आणि आपण मात्र मेसेज पुढे ढकलतोय.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला मुद्दा वाचून मला हसूच आलं. जगातल्या पहिल्या वेबसाइटचा पत्ता होता इन्फो.सर्न.सीएच, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत बनवलेली, आणि तिच्या नावात सुरुवातीला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नव्हतंच. होतं ते मागे, तिरप्या रेघेनंतर, एका फोल्डरचं नाव म्हणून! ही तीन अक्षरं म्हणजे डोमेनच्या आधी लावलेली एक पाटी, फाइलींच्या सर्व्हरला एफटीपी, मेलच्या सर्व्हरला मेल तशी वेबच्या सर्व्हरला ही. सवय पडली, एवढंच. मराठी विकिपीडियाच्या पत्त्यात सुरुवातीला एमआर असतं, म्हणून तो नकली झाला का? उलट डोमेन ज्याच्या मालकीचं त्याला पुढे वाट्टेल ती पाटी लावता येते, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावा, ‘सेफ’ लावा, ‘ऑफिशियल’ लावा, कोणाची परवानगी लागत नाही.

नुसत्या एचटीटीपीचं मात्र अर्धं खरं आहे. पान उघडलं म्हणून फोन हॅक होत नाही, पण बोलणं उघड्यावर चालतं. 2010 मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) आलं होतं: उघड्या वायफायवर बसायचं, बटण दाबायचं, आणि आजूबाजूला कोण कुठल्या साइटवर लॉगिन आहे त्याची यादी समोर, नावावर डबल क्लिक केलं की तुम्ही त्याच्या अकाउंटमध्ये. कारण तेव्हा बऱ्याच साइट लॉगिनचं पान तेवढं एचटीटीपीएसवर ठेवायच्या आणि पुढे सगळं उघडं, त्यात लॉगिनची कुकीपण (तुम्ही लॉगिन केलंय हे साइटला सांगणारी खूण) उघडीच जायची. त्यानंतर मोठ्या साइट हळूहळू पूर्णपणे एचटीटीपीएसवर गेल्या. म्हणून एस नको असं मी अजिबात म्हणत नाहीये, एस हवाच. एस नसेल तर काही भरू नका, पण एस असेल तर भरा असा उलटा अर्थ त्यातून निघत नाही.

हाताने एस घालायची युक्ती दोन ओळींत संपते. एचटीटीपी सर्व्हरच्या 80 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, चालतं, एचटीटीपीएस 443 वर, तुम्ही एस टाइप केला की ब्राउझर 443 चं दार वाजवतो, आत कोणी नसेल तर एरर. आणि असेल तर तो आधीपासूनच होता, तुमच्या एसने आला नाही.

मग बघायचं काय? सुरुवात सोडा. दोन तिरप्या रेघांनंतरची पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा आणि तिथून उलटं, मागे वाचत या. तिच्या लगेच आधीचे दोन तुकडे (डॉट को डॉट यूके असलं काही असेल तर तीन) म्हणजे खरा मालक, बाकी डावीकडचं सगळं सजावट. त्या एकेरी रेघेच्या आधी मध्येच ॲटचं चिन्ह असेल तर त्याच्या डावीकडचं तर गाळूनच टाका, ब्राउझर त्याला युझरनेम समजतो.

त्या मेसेजखालची लिंक मी अशीच वाचली, न उघडता. सुरुवातीला एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मग एका मोठ्या कंपनीचं नाव, डॉट कॉम, इथपर्यंत सगळं झकास, मेसेजच्या सगळ्या परीक्षांत पास. आणि त्या कॉमनंतर तिरपी रेघ नव्हती, आणखी एक डॉट होता, आणि पुढे गिफ्ट-क्लेम असलं काहीतरी.