लहर दुभंगली म्हणजे तेल सापडलं, असं नाही

‘जमिनीत सोडलेली कंपनलहर दोन भागांत फुटली की खाली तेल आहे हे नक्की’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

फुटते ती फक्त एस-लहर, म्हणजे खडकाला आपल्या वाटेच्या आडव्या दिशेने हलवत जाणारी लहर, आणि त्याचं कारण खडकाची ठेवण. एकाच दिशेच्या उभ्या भेगा असलेल्या खडकात एक लहर भेगांना समांतर कंप पावत वेगाने वर येते. दुसरी भेगांना काटकोनात, म्हणून मागे पडते. पहिलीवरून भेगांची दिशा कळते, दोघींमधल्या वेळेच्या फरकावरून भेगांची दाटी. त्यांत तेल आहे की नुसतं खारं पाणी, हे मात्र त्यावरून सहसा ठरत नाही. त्यासाठी पी-लहरींची, म्हणजे खडकाला वाटेच्याच दिशेने दाबत-ताणत जाणाऱ्या लहरींची, जोड लागते, आणि शेवटी विहीर खोदावीच लागते.

पण म्हणून ही पद्धत टाकाऊ समजू नका. घट्ट चुनखडीत तेल बऱ्याचदा भेगांतूनच वाहतं. विहीर कुठल्या दिशेला वळवायची, हे या माहितीवरून ठरवता येतं. शेलमध्ये, म्हणजे चिकणमातीच्या पातळ थरांच्या खडकात, तर लहरी उभ्यापेक्षा आडव्या दिशेने जास्त वेगाने जातात. हे गणितात धरलं नाही, तर थर बहुधा असतो त्याहून खोल दिसतो. लहरींचा वेग दिशेनुसार किती बदलतो हे सांगणारी, भूभौतिकशास्त्रज्ञ लिऑन थॉमसन यांनी १९८६ साली मांडलेली परिमाणं आजही याच दुरुस्तीसाठी वापरतात.