बिनसुईच्या लसीबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

झायडस कंपनीच्या झायकोव्ह-डी या कोविडवरच्या डीएनए लसीबद्दल मी लेख लिहिला होता. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "लस चांगली असेल तर साध्या सुईनेही चालली पाहिजे. बिनसुईचं यंत्र म्हणजे किंमत वाढवायची युक्ती. त्यात तीन डोस, तेही 66 टक्क्यांसाठी!" परखड लिहिलंत, बरं वाटलं. म्हणून सविस्तर उत्तर देतो.

यंत्राचा मुद्दा मला अजिबात पटत नाही. या लसीत विषाणू नसतो, प्रथिनही नसतं. असतं ते प्लाझ्मिड, डीएनएचं इवलंसं वर्तुळ. ते पेशीत शिरून थेट केंद्रकापर्यंत पोचलं तरच स्पाइक, म्हणजे कोरोना विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, तयार होतं. दुसऱ्या काही कोविड लसींतल्या एमआरएनएला (प्रथिन कसं बनवायचं हे सांगणाऱ्या रेणूला) केंद्रकात जावं लागत नाही, याला जावंच लागतं. 1990 मध्ये उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए टोचला आणि पेशींनी त्याचं प्रथिन बनवलं, तेव्हा केवढ्या आशा वाढल्या होत्या! पण माणसाच्या दंडात सुईने सोडलेला डीएनए बहुतेक पेशींबाहेरच राहतो आणि तिथेच त्याचे तुकडे होतात. घोडं अडलं ते इथे. मग कुणी सोन्याच्या कणांवर डीएनए चढवून तो त्वचेत मारला, कुणी विजेचे झटके देऊन पेशींचं आवरण क्षणभर उघडलं. विजेचा उपाय लागू पडतो, पण दुखतो.

झायडसने स्प्रिंगवर चालणारं फार्माजेट कंपनीचं उपकरण निवडलं. त्वचेवर सरळ टेकवून दाबलं की 0.1 मिलि द्रव बारीक धारेने आत घुसतो, जागेवर छोटा फुगवटा येतो. कातडी ओली राहिली तर समजायचं, डोस थोडा बाहेर सांडला. स्नायूपेक्षा त्वचेत पहारेकरी पेशी कितीतरी दाट असतात, म्हणून तिथेच द्यायचं. सरकारी खरेदीत जीएसटी सोडून 358 रुपयांपैकी या ॲप्लिकेटरचे 93 होते. ते उगाच लावलेले नाहीत.

66.6 टक्के हा परिणामकारकतेचा आकडा सुमारे 28 हजार जणांच्या चाचणीतला, डेल्टाच्या लाटेतला आहे. 81 रुग्णांपैकी 61 लस न मिळालेल्या गटातले होते.

तीन डोसांबद्दल मात्र तुमचं खरं आहे. 0, 28 आणि 56 व्या दिवशी, दर वेळी दोन टोचण्या होत्या. रोजंदारीवरच्या बाईला तीनदा खाडा. लेखात मी फक्त पेशीपर्यंतची वाट लिहिली, लसीकरण केंद्रापर्यंतची लिहिलीच नाही. तो परिच्छेद आज जोडला आहे, आणि 'वेदनारहित' हा शब्द काढून टाकला आहे.