बॅरल अर्धं म्हणून नेम अर्धा होत नाही

लष्करासाठी नवी कार्बाइन (आखूड बॅरलची हलकी रायफल) येणार अशी बातमी आली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मला तो चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला आणि आता नेमबाजीच्या रेंजवरची नवी मुलंही तो वाचूनच येतात. मजकूर साधारण असा: "बॅरल जेवढं लांब तेवढा नेम पक्का. कार्बाइनचं बॅरल अर्धं, म्हणजे अचूकताही अर्धी. एवढ्याशा नळीत गोळीला फिरकीच मिळत नाही. त्यामुळे कार्बाइनला चांगलं काडतूस घेणं म्हणजे पैसे पाण्यात, मिळेल ते स्वस्त घाला. घ्यायचंच असेल तर सगळ्यात जड गोळीचं घ्या, आखूड नळीला तेच चालतं."

यामागे एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करतो. बॅरल आखूड केलं की गोळीचा वेग घटतो. 5.56×45 मिमी काडतुसाची 62 ग्रेनची (सुमारे 4 ग्रॅमची) गोळी अमेरिकी एम16 रायफलच्या 20 इंची बॅरलमधून सेकंदाला साधारण 940 मीटर वेगाने निघते. एम4 कार्बाइनच्या 14.5 इंची बॅरलमधून ती 890 च्या आसपास आणि 10.3 इंची एमके18 मधून जेमतेम 800 वर येते. दारू पूर्ण कामाला यायच्या आतच गोळी बाहेर पडते. उरलेला दाब नळीच्या तोंडाशी फुटतो, म्हणून आखूड कार्बाइनचा आवाज कान फाडतो आणि जाळही मोठा दिसतो.

पण वेग वेगळा आणि अचूकता वेगळी. वेग कमी झाला तर गोळी जरा जास्त खाली पडते, आणि प्रत्येक वेळी तेवढीच पडते. साइट (नेम धरायची खूण) एकदा लावून घेतली की तो प्रश्न मिटला. एकाच जागी धरलेल्या नेमाच्या दहा गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात, ती अचूकता. तिचा बॅरलच्या लांबीशी मेसेज म्हणतो तसा संबंध नाही.

माझा खेळ .22 रायफलचा (0.22 इंची छोट्या काडतुसाची), 50 मीटरचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक घेतलं, त्याच थ्री पोझिशनचा (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून). या खेळातल्या बऱ्याच मॅच रायफली बाहेरून लांबलचक दिसतात. मी पहिल्यांदा अशी रायफल साफ करायला घेतली तेव्हा रॉडला आट्यांची (नळीच्या आतल्या पिळदार खाचांची) पकड लागली ती फक्त 50 सेंटिमीटरपर्यंत. त्यापुढे नुसतं पोकळ नळकांडं. त्यात आटे नाहीत, गोळीला त्याचा स्पर्शही होत नाही. ते बसवलंय ते केवळ पुढची साइट डोळ्यापासून दूर राहावी म्हणून. .22 ची दारू साधारण 16 इंचांतच आपलं काम उरकते, पुढची नळी गोळीला वेग देत नाही. उलट गोळी जितकी लवकर बाहेर पडेल तितका नेमबाजाच्या अंगाचा हलका हेलकावा तिला कमी लागतो. रायफलच्या सगळ्यात काटेकोर खेळांपैकी एक खेळणारे बरेच लोक बॅरल मुद्दाम आखूड ठेवतात, तर "आखूड म्हणजे बेभरवशाचं" हे वाक्य कुठून आलं?

माझ्या मते ते साध्या लोखंडी साइटमुळे आलं. एम16 वर मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये सुमारे 50 सेंमी अंतर असतं, एम4 वर सुमारे 37. माशी (पुढची साइट) अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे धरली गेली, तर 100 मीटरवर एम16 ची गोळी 10 सेंमी भरकटते आणि एम4 ची साडेतेरा. ही चूक डोळ्याची आहे, नळीची नाही. वर दुर्बीण किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) बसवला की हा फरक उरतच नाही. नळीचं म्हणाल तर जाडी तीच ठेवून लांबी निम्मी केली की ती आठपट ताठ होते, कारण ताठपणा लांबीच्या घनाने बदलतो. गोळी सुटताना ताठ नळी कमी थरथरते. आखूड नळीत एक गोष्ट मात्र जास्त जपावी लागते: तोंडाशी दाब मोठा असल्याने तिथली कड जराशी जरी ठेचली असेल, तर गोळी बाहेर पडता पडता तिरकी होते.

आता फिरकी, म्हणजे आट्यांमुळे गोळीचं स्वतःभोवती फिरणं; त्यानेच ती उडताना सरळ राहते. इथे मेसेज सपशेल चुकतो आणि नेमकं हेच वाक्य लोकांना सगळ्यात जास्त पटतं, म्हणून थोडं थांबतो.

गोळी किती वेगाने गरगरते हे आट्यांचा पिळ (किती इंचांत आटे एक पूर्ण फेरा घेतात) आणि सुटतानाचा वेग या दोनच गोष्टींवर ठरतं. नळीत तिचे एकूण फेरे किती झाले, याला महत्त्व नाही. बोल्ट आखूड असो की लांब, आटे तेच असतील तर नट एका फेऱ्यात तेवढाच सरकतो. एम4 मध्ये आणि एमके18 मध्ये दोन्हीकडे पिळ 7 इंचांना एक फेरा असाच आहे. 10.3 इंची नळीत गोळीचा दीड फेराही पुरा होत नाही. ऐकायला तो अगदीच थोडा वाटतो. पण 800 मीटर वेगाने सुटलेली ती गोळी मिनिटाला अडीच लाखांहून जास्त वेळा फिरत असते. लांब बॅरलमधून हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो. आणि गोळीचा स्थिरपणा वेगाच्या घनमुळाप्रमाणे बदलतो: वेग बारा टक्के घटला तर स्थिरपणा चारेक टक्केच कमी होतो. बॅरल कापल्यामुळे गोळी कोलांट्या खायला लागली असं होत नाही.

कोलांट्या खाते ती चुकीच्या पिळामुळे, आणि "सगळ्यात जड गोळी घ्या" हा सल्ला तिथेच अंगाशी येतो. पिळ किती हवा हे मुख्यतः गोळीच्या लांबीवर ठरतं, वजनावर नाही. वूलिच इथल्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 मध्येच त्याचं सूत्र मांडलं होतं. एम16ए1 ला 12 इंचांना एक फेरा होता, कारण तिची गोळी 55 ग्रेनची, आखूड. नंतर आलेली 62 ग्रेनची लांब गोळी त्या जुन्या बॅरलमधून मारली की टार्गेटवर गोल भोक पडत नाही, कुलपाच्या भोकासारखं लांबट पडतं: गोळी आडवी होऊन कागदातून गेलेली असते. म्हणून एम16ए2 ला 7 इंचांचा पिळ दिला. 9 इंची पिळाच्या कार्बाइनमध्ये 77 ग्रेनची गोळी भरलीत तर ती काठावर असते, कधी जमते, कधी नाही. शुद्ध तांब्याच्या गोळ्यांचं आणखी वेगळं. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब भरते. डब्यावरचे ग्रेन वाचण्याआधी बॅरलवर कोरलेला पिळ वाचा.

"मिळेल ते स्वस्त घाला" हे मला सगळ्यात जास्त खटकतं. लष्करी 62 ग्रेनच्या गोळीत शिशाच्या पुढे पोलादी टोक बसवलेलं असतं. दोन तुकडे एका आवरणात अगदी मध्यावर बसणं कठीण, आणि ती गोळी काही टार्गेटवर गुण मिळवायला केलेली नाही. 100 मीटरवर तिचा 6 ते 12 सेंमीचा ग्रुप (सगळ्या भोकांचा घोळका) येणं नेहमीचं. अमेरिकी सैन्याने एमके262 हे 77 ग्रेनचं काडतूस घेतलं ते याचसाठी. त्यातल्या मॅच (स्पर्धेच्या दर्जाच्या) गोळीचं आवरण बुडाकडून अखंड असतं, उघडं तोंड टोकाला असतं. बूड एकसारखं असलं की आखूड नळीच्या तोंडाशी फुटणारा दाब गोळीला सगळीकडून सारखाच ढकलतो. ते काडतूस 18 इंची रायफलसाठी बनलं, पण एम4 मध्येही वापरलं गेलं. बॅरल तेच, बदललं फक्त काडतूस, आणि ग्रुप निम्म्यावर येऊ शकतो. म्हणजे आखूड बॅरलमध्ये काडतुसाची निवड जास्त महत्त्वाची ठरते, कमी नाही.

.22 मध्ये हे मी हाताने केलंय. रायफल क्लॅम्पमध्ये आवळायची आणि एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या, फक्त वेगळ्या लॉटच्या (एका वेळी बनलेल्या खेपेच्या) दोन डब्या मारायच्या. एका लॉटची दहाही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. दुसऱ्याची नाण्याच्या बाहेर डोकावत होती, तीही वरखाली. कारण हिशेबात दिसतं. गोळीचा वेग सेकंदाला 325 मीटर धरला आणि तो 3 मीटरने जरी इकडेतिकडे झाला, तरी 50 मीटरवर दोन ते अडीच मिलिमीटर वरखाली होतं. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ सगळं 10.4 मिलिमीटरचं. म्हणून मोठ्या स्पर्धेत उतरणारे नेमबाज काडतुसाचं नाव नाही, लॉट नंबर निवडतात.

आखूड बॅरलमध्ये दारू वाया जाऊ द्यायची नसेल तर काडतूसच त्याच्या मापाचं करावं लागतं. आपल्याकडे पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्र-संशोधन संस्थेने जेव्हीपीसी नावाची कार्बाइन तयार केली ती 5.56×30 मिमीची, म्हणजे आखूड काडतुसाची. तिचं काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं. अमेरिकेत 2011 मध्ये प्रमाणित झालेलं .300 ब्लॅकआउट त्याच विचाराचं. त्याची दारू साधारण 9 इंची नळीत जळून जाते. तिकडे राहणाऱ्या मराठी मित्रांना एक कळकळीचं सांगणं: हे काडतूस 5.56 च्याच मॅगझिनमध्ये बसतं आणि चुकून 5.56 च्या चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) शिरलं तर रायफल हातात फुटते. मॅगझिनं वेगळी ठेवा, त्यांवर ठळक खूण करा. शिवाय 16 इंचांहून आखूड रायफल बॅरलला तिथे 1934 च्या कायद्याखाली नोंदणी लागते. आपल्याकडे या कार्बाइन नागरिकांसाठी नाहीतच.

चाचणी घ्याल ती तीन गोळ्यांची घेऊ नका. त्याच रायफलचा, त्याच काडतुसाचा दहा गोळ्यांचा ग्रुप तीनच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून मोठा येतो. त्यामुळे तीन गोळ्यांचे फोटो पाहून कुठलं काडतूस चांगलं ते ठरवता येत नाही. प्रत्येक लॉटचे दहा शॉट मारा, मध्ये बॅरल गार होऊ द्या, आणि कागदावर लॉट नंबर लिहून तो कागद जपून ठेवा.