ढगांसकट किती?

विमानाचं किट, म्हणजे प्लास्टिकचे तुकडे चिकटवून छोटं मॉडेल बनवायचा डबा, घेताना त्याच्या आत काय आहे ते बघावं, असं सगळे जाणकार सांगतात. पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या रेघा, खोदलेल्या आहेत की उठावाच्या, कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच, जाड आहे की पातळ, साचा नवा आहे की आपल्या मुंजीच्या वेळचा, डेकल, म्हणजे विमानावर चिकटवायच्या खुणा, नीट छापलेत का, वगैरे वगैरे. आमच्या ग्वाल्हेरात हा छंद असलेली जी काय दोन-चार डोकी आहेत त्यात एक रिटायर्ड इंजिनियर काका आहेत, ते नेटवरचे स्प्रूचे, म्हणजे तुकडे अडकलेल्या चौकटींचे, फोटो मोठे करकरून बघतात, चार ठिकाणचे रिव्ह्यू वाचतात, आणि मग महिनाभराने किट मागवतात. काकांची मॉडेलं एकदम परफेक्ट असतात, जोड दिसत नाही, पुट्टी दिसत नाही, पण डबा आल्याचा आनंद म्हणून त्यांच्या तोंडावर मी कधी बघितला नाही. पासबुकात एन्ट्री करून घेतल्यासारखे डबा उघडतात.

मी डब्यावरचं चित्र बघून घेतो. सरळ सांगतो, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. माझं तर म्हणणं आहे की जगातला प्रत्येक मॉडेलवाला चित्र बघूनच घेतो, बाकीचे फक्त नंतर कारणं जमवतात.

आता ते चित्र म्हणजे काय असतं ते ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. विमान कधीच सरळ उडत नसतं, एका पंखावर कललेलं असतं, त्या पंखावर संध्याकाळचं ऊन, बंदुकीतून ठिणग्या, मागे शत्रूचं एक विमान काळा धूर सोडत खाली चाललेलं (ते नेहमी मागेच असतं आणि नेहमी खालीच चाललेलं असतं, बिचाऱ्याला कुठल्याही डब्यावर जिंकताना मी बघितलं नाही), खाली समुद्र नाहीतर शेतं, आणि ढग. ढग असे की बघतच राहावं. पायलटने मान वळवलेली, जणू आपल्याकडेच बघून म्हणतोय, येतोस का?

आणि डबा उघडला की राखाडी प्लास्टिकच्या चौकटी. त्यात अडकलेले तुकडे, काहींच्या कडेला पापुद्र्यासारखं फालतू प्लास्टिक, म्हणजे फ्लॅश. पायलट असतो, पण बहात्तरात एकच्या स्केलला एक इंच म्हणजे सहा फूट, तेव्हा बसलेला पायलट केवढा होणार! त्याला तोंड नसतं, नुसता एक उंचवटा असतो. ढग नसतात. धूर नसतो. शत्रू तर वेगळा विकत घ्यावा लागतो.

सगळ्यात मोठी मेख म्हणजे चाकं. चित्रात चाकं आत असतात कारण विमान उडतंय. पण बहुतेक किटमध्ये चाकांची झाकणं उघडी लावण्याच्या हिशोबानेच घडवलेली असतात, बंद करायला गेलं तर बसत नाहीत, तासत बसावं लागतं, आणि तासून बंद केलीच तर विमान ठेवणार कशावर, जुन्या किटांमध्ये निदान स्टँड यायचा, आता बऱ्याचदा तोही वेगळा घ्या. म्हणून मग ते आग ओकत झेपावणारं स्पिटफायर शेवटी चाकांवर, शोकेसमध्ये, बायकोच्या कपबश्यांच्या शेजारी पार्किंगला लावल्यासारखं उभं राहतं. पंखाची लांबी पुरती साडेपंधरा सेंटिमीटर. डब्यावर तर आख्खं आभाळ पुरत नव्हतं.

ह्या सगळ्यामागे जो माणूस आहे त्याचं नाव रॉय क्रॉस. इंग्रज. महायुद्धाच्या काळात फेअरी नावाच्या विमान कंपनीत टेक्निकल चित्रं काढायचा, त्यामुळे कुठला रिवेट कुठे हे त्याला पक्कं माहीत, आणि १९६४ ते १९७४ ह्या काळात त्याने एअरफिक्स ह्या इंग्रज किट कंपनीच्या डब्यांसाठी चित्रं काढली. म्हणजे मी म्हणतो ही किती डेंजर गोष्ट आहे, एखादा नुसता चित्रकार असता तर विमान चुकलं असतं आणि आपण वाचलो असतो, नुसता ड्राफ्ट्समन असता तर चित्र कोरडं झालं असतं आणि तरी आपण वाचलो असतो, पण ह्याला दोन्ही येत होतं! पुढे विमानं सोडून तो शिडाच्या गलबतांची चित्रं काढायला लागला आणि २०२४ मध्ये शंभरी गाठून गेला. जगभरच्या माळ्यांवर त्याच्यामुळे किती डबे चढले ह्याचा हिशोब न देता.

नंतर कंपनीला काय वाटलं कोण जाणे, काही जुनी चित्रं परत छापताना त्यातले बॉम्ब आणि जाळ पुसून टाकले. आता तेच विमान, तोच कल, पण खाली काही पेटलेलंच नाही! पायलट एवढा तावातावाने वळलाय कशासाठी तेच कळत नाही, ऑफिसला उशीर झालाय असं वाटतं. काही कंपन्यांनी तर मध्यंतरी चित्र सोडून बनवलेल्या मॉडेलचा फोटोच डब्यावर छापला, म्हणजे एकदम प्रामाणिक, आत जे आहे तेच बाहेर. मी असा डबा हातात घेऊन बघितलाय. बघून खाली ठेवला. प्रामाणिकपणा घरी भरपूर आहे.

जपान्यांचं वेगळं. तामिया पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर नुसतं विमान काढते, ढग नाही, धूर नाही, घ्यायचं तर घ्या. किट एक नंबर असतं, तुकडे असे बसतात की गोंदालाही वाटावं आपलं काय काम, काका तर तामियाचं नाव आलं की चष्माच काढतात. मला मात्र त्या पांढऱ्या डब्यापुढे डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं होतं. त्यापेक्षा हासेगावाच्या डब्यांवरची शिगेओ कोइके ह्यांची चित्रं बघा, काय आभाळ असतं हो! मला तर आतल्या विमानाचं नाव नंतर वाचावं लागतं.

तुम्ही म्हणाल ग्वाल्हेरच्या माणसाला विमानाच्या चित्राचं एवढं काय, तुमच्या डोक्यावरूनच तर जातात. जातात ना. मिराज २००० ही फ्रेंच लढाऊ विमानं इकडे १९८५ पासून आहेत, महाराजपुऱ्याच्या एअरबेसवर. शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवर सकाळी वाळवण घालताना आवाज आला की आई वर न बघता म्हणायची, "आले बाई", आणि पापड उलटायची. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटला इथलीच मिराज गेली, त्यानंतर तर दौलतगंजापासून कंपूपर्यंत प्रत्येक माणूस मिराजतज्ज्ञ झाला, आमचा दूधवाला मला डेल्टा विंग समजावून सांगत होता.

पण मिराजचं किट घ्यायला जा. डब्यावर फ्रान्सचं मिराज, फ्रान्सचे ढग, खाली फ्रान्सची हिरवीगार शेतं. नाहीतर ग्रीस, नाहीतर तैवान. तिरंगी गोल असलेला डबा नशिबात असेल तर दिसतो, नाहीतर किट घ्या, मग भारतीय डेकल वेगळे शोधा, ते आले की आपलं मिराज तयार, वीस सेंटिमीटर लांब. होतं सगळं, नाही असं नाही. पण डब्यावर खाली भिंड रोड कुठून आणायचा? चंबळची बिहडं कोणी काढून द्यावीत? नॅट ह्या छोट्या लढाऊ विमानाचं तर अजून वाईट. १९७१ साली श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊन एकटे लढले ती गोष्ट आपण शाळेत ऐकलेली, परमवीरचक्र मिळालेलं विमान ते, आणि एअरफिक्सचा डबा बघावा तर त्यात दोन सीटवालं ट्रेनर, वर लाल रंगातल्या रेड अॅरोज ह्या ब्रिटिश हवाई दलाच्या पथकाच्या कसरती! सेखोंचं एका सीटचं होतं हो.

महाराज बाडा ह्या आमच्या बाजारातल्या चौकात एका खेळण्याच्या दुकानात मी एकदा विचारलं, प्लेन का मॉडल किट है क्या, तर त्याने बॅटरीवर चालणारं जंबो काढून काउंटरवर सोडलं. ते दिवे लावत, गाणं म्हणत गोल फिरलं आणि कॅल्क्युलेटरवर आपटलं. "बच्चा कितने साल का है भाईसाहब?" मी म्हटलं, "बावन." त्याने हसून पॅकिंग बंद केलं.

पण त्याची चूक नाही. सरकारसुद्धा तेच म्हणतं. कस्टमच्या यादीत स्केल मॉडेल हे खेळण्यांच्याच खणात येतं, आणि खेळण्यांवरची ड्यूटी २०२० च्या बजेटात २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. म्हणजे लँकेस्टर बाँबर आणि खुळखुळा एकाच रांगेत उभे! तेव्हापासून आम्ही लोक बाहेरून येणाऱ्या नातेवाइकांवर नजर ठेवून असतो. कोण कधी येतंय, त्याला किती किलो सामान अलाउड आहे, त्याची बायको सोबत आहे का (असली तर जागा संपली), हे आम्हाला त्याच्या आईच्या आधी माहीत असतं.

बायकोचा ह्या सगळ्यावर एकच मुद्दा आहे, आणि वाईट म्हणजे तो चांगला आहे. म्हणते, "गजक मिठाईच्या डब्यावर किल्ल्याचं चित्र असतं, म्हणून आत किल्ला निघेल असं कोणी धरून चालतं का?" मी म्हटलं, "पण गजक संपली की तू तो डबा फेकतेस." "मग?" "मी फेकत नाही." ह्याने मुद्दा कोणाच्या बाजूला गेला ते मला अजून कळलेलं नाही, पण माळ्यावर रिकामे डबे आहेत हे खरं, आणि भरलेलेही आहेत, आणि एकाच जुन्या साच्याचं किट दोन वेगवेगळ्या डब्यांत आहे हेही खरं. ते मी माहीत असून घेतलं. आत तेच प्लास्टिक, मान्य, पण चित्र नवं होतं. काका म्हणाले तेच किट परत कशाला, मी म्हटलं काका, तुम्ही यमन एकाच गवयाचा ऐकलाय का? ग्वाल्हेरात राहून असा मुद्दा खोडता येत नाही, गप्प बसले.

आता दादाचं सांगतो. आमचा आतेभाऊ, इंग्लंडला असतो, दिवाळीत येणार होता. मी आधीच फोन करून लँकेस्टरचं किट सांगून ठेवलं होतं, लिंक पाठवली, चित्र पाठवलं, चित्रावर गोल करून पाठवला. चार इंजिनं, रात्रीचं आभाळ, सर्चलाइटचे पट्टे आणि ढगांच्या कडा खालून तांबूस. ते चित्र मला नेटवर बघून बघून पाठ झालं होतं. दादा आला, पाया पडलो, चहा झाला, सगळ्यांना चॉकलेटं झाली, वहिनींनी बायकोला क्रीम दिलं, आणि मग दादाने बॅगेतून, स्वेटर आणि थर्मलच्या मधून, एक पॉलिथिनची पिशवी काढली. वर रबर बँड.

"घे तुझं विमान. एक तुकडा हरवलेला नाही बघ."

"दादा, डबा?"

"अरे हातभर लांब डबा तो! आणि आत निम्मी हवा. हवा कशाला वाहून आणायची? वहिनी म्हणाली त्यात दोन स्वेटर बसतील."

मी हसलो. मोठा भाऊ आहे, सात समुद्र ओलांडून आणलंय, काय बोलणार. "कुठे टाकलास?" एवढंच विचारलं, तर म्हणे रीसायकलिंगच्या बिनमध्ये, घड्या घालून, तिकडे फार शिस्त असते.

काकांना पिशवी दाखवली तर माणूस पहिल्यांदा खुश झालेला बघितला. म्हणाले, हेच तर ओरिजिनल! एअरफिक्सच्या दुकानातल्या किटांची सुरुवातच पिशवीत झाली, १९५२ मध्ये गोल्डन हाइंड नावाचं गलबत, वूलवर्थच्या दुकानात दोन शिलिंगला विकता यावं म्हणून पॉलिथिनच्या पिशवीत घातलं आणि वर कागदाची पट्टी, दुसऱ्या वर्षी स्पिटफायरही तसंच आलं. मी म्हटलं, काका, निदान पट्टी होती ना. त्यांनी चौकटी टेबलावर मांडल्या, भिंग लावलं, वा वा काय खोदकाम आहे म्हणाले, लगेच बनवायला घे.

घेतलं की नाही? नाही. पिशवी कपाटात आहे. मध्ये मध्ये काढून बघतो. पंख आहेत, धड आहे, बारीक बारीक बारा-पंधरा चाकंबिकं, सगळं आहे, फक्त ते कुठे चाललंय तेच कळत नाही. बायको म्हणाली चित्राचा प्रिंट काढून भिंतीला लाव आणि बस. काढला. कलर झेरॉक्सवाल्याच्या मशीनमध्ये निळा संपला होता, सर्चलाइट हिरवे आले, त्या आभाळाखाली लँकेस्टर गेलं तर पायलटला कावीळ झालेली दिसेल.

मग मला समजलं की बाहेर लोक जुने रिकामे डबेसुद्धा विकतात. नुसते डबे, आत काही नाही! आणि घेणारेही आहेत, म्हणजे जगात माझ्यासारखे सज्जन आहेत. लँकेस्टरचा एक मिळाला. कोपरे थोडे दबलेले, पण ढग शाबूत. किंमत ऐकून मी पिशवीतल्या किटची किंमत परत बघितली, आणि मग ती बघणं सोडून दिलं.

एकच अडचण होती, म्हणून भाच्याला फोन लावला, तो इंदूरला सीए आहे.

"अरे, रिकामा डबा मागवला तर त्यावर खेळण्याची ड्यूटी लागेल का?"

"मामा, आत काय आहे?"

"काही नाही."

"मग ते खेळणं कसं? पॅकिंग मटेरियल म्हणतील."

"पॅकिंग मटेरियल?" मी म्हटलं. "तू आधी चित्र बघ. पाठवतो. बघितल्याशिवाय बोलू नकोस."

पाठवलं. निळ्या टिका आल्या, बराच वेळ काही नाही. मग त्याचा मेसेज आला, "मामा, भारी आहे यार. ह्याचं किट कुठे मिळतं?"