घरात तिघांना ताप असताना राऊटर कसा बसवावा

राऊटर कोणीही बसवतो. मे महिन्यातल्या कोरड्या रविवारी, घरातली सगळी ठणठणीत, वीजही शहाण्यासारखी वागतेय, अशा वेळी बसवला तर त्यात कसली मर्दुमकी? जाणकार माणूस आषाढातला दिवस धरतो. बाहेर पाऊस कौलं फोडतोय, बाबांना १०२ ताप, बायकोला १०१, धाकटीला उलट्या, आणि खोक्यात नवा राऊटर, दोन स्मार्ट बल्ब आणि एक बोलका स्पीकर. असा योग चुकवू नका. शिवाय हातात स्क्रू ड्रायव्हर असलेल्या माणसाला पेज ढवळायला कोणी हाक मारत नाही, हा फायदा वेगळाच.

घर जुनंच निवडा. आमच्यासारखं फोंड्याकडचं असेल तर उत्तम: चिऱ्याच्या जाडजूड भिंती, मध्ये राजांगण, त्यात तुळस आणि भोवती खोल्या. पणजोबांनी घर बांधलं ते ऊन, पाऊस आणि चोर अडवायला. वायफाय अडतं ते वरकड. राऊटर वायफायच्या दोन लहरी सोडतो. ५ गिगाहर्ट्झची धावते जोरात, पण दुसऱ्या चिऱ्याशीच तिला धाप लागते. २.४ ची हळू चालते, पण भिंती ओलांडून पोचते. आता गंमत अशी की राऊटर दोघींना एकच नाव देतो, स्मार्ट बल्बला कळते फक्त २.४, आणि तुमचा फोन जाऊन बसतो ५ वर. मग अ‍ॅप म्हणतं, उपकरण सापडत नाही. एका छपराखाली राहून एकमेकांना ओळख न देणं हे आमच्याकडे आजवर फक्त चुलतभावांनाच जमत होतं.

तेव्हा राऊटर छातीशी धरून घरभर फिरा. देव्हाऱ्याजवळ दोन काड्या, कोठीत शून्य, न्हाणीघरात का कोण जाणे पूर्ण चार. शेवटी राजांगणाच्या उंबऱ्याशी, घरात असलेल्या एकुलत्या एका उंच स्टुलावर तो मानवतो. तिथे ठेवला की पुन्हा हात लावायचा नाही.

जोडणी बाबांच्या नावावर असावी. त्यामुळे ओटीपी त्यांच्या फोनवर जातो, आणि फोन त्यांच्याबरोबर गोधडीत असतो. बाबा आधी चष्मा शोधतात, मग फोन, मग पुन्हा चष्मा, कारण तो फोन शोधताना काढून ठेवलेला असतो. "चार, सात, सात, एक." टाका. चुकीचा. "अरे, हा गॅसवाल्याचा." तोवर खऱ्या ओटीपीची मुदत संपते. पुन्हा मागवा. आजारी माणसाला गुंतवून ठेवलं की त्याचं दुखण्याकडे लक्ष जात नाही.

राऊटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर सेवाकेंद्राला फोन लावा. ती मुलगी सांगेल, बंद करा, थोडा वेळ थांबा, चालू करा, उद्यापर्यंत वाट बघा. सकाळी डॉक्टरांनी बाबांना जवळजवळ हेच सांगितलेलं असतं, फक्त त्यांनी पॅरासिटामॉलही दिलेली असते. दिवा तरीही लालच राहिला तर छत्री घेऊन कुंपणाशी जा. माडाचं चुडत तारेवर पडलेलं असेल. त्याच्याकडे गंभीरपणे बघा आणि परत या.

सेल आधीच आणून ठेवू नका. टीव्हीच्या रिमोटला दोन बारीक सेल लागतात, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरलाही तसलेच दोन. म्हणजे एका वेळी एक तर बाबांचा ऑक्सिजन कळेल, नाही तर टीव्हीवर पासवर्ड टाकता येईल. बाबांचे ९७ आले की सेल काढून रिमोटमध्ये घाला आणि राऊटरच्या बुडाखालचा सोळा अक्षरी पासवर्ड बाण दाबदाबून लिहा. तो गोल शून्य आहे की ओ, हे पंधराव्या अक्षरानंतरच आठवतं.

बोलका स्पीकर बसलेल्या घशानेच तपासावा. बायको खोलीतून कण्हत म्हणते, "लाईट लाव." तो म्हणतो, आज पावसाची शक्यता आहे. त्याच वेळी कौलातून त्याच्यावर थेंब पडतो.

घरात एक आजी असावी. ऐंशी ओलांडलेली, एकही लस न चुकवलेली आणि एकटीच धडधाकट. ती सगळ्यांना पेज देते, वर खारातली कैरी ठेवते, धाकटीची बादली धुते, आणि बाबांच्या तळपायांना काजूची फेणी चोळते. (फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ताप उतरवण्यासाठी नव्हे, पण आजीला हे सांगायला जाऊ नका.) ती शेजारून गेली की राऊटरवर वाका आणि "आता होईलच" असं पुटपुटा. ती विचारेल, "काय रे, ह्यालाही ताप आहे?" मागचा भाग खरोखरच गरम लागतो.

रात्री नऊला सगळं एकदाचं जुळतं. फोनवर बोट टेकवलं की बाबांच्या खोलीतला बल्ब मंद पिवळा होतो. सगळ्यांना बोलावून दाखवा. कोणी उठणार नाही, तरी दाखवा.

साडेनवाला वीज जाते. येते, जाते, येते, जाते. आता त्या बल्बची रचना अशी की लागोपाठ काही वेळा चालू-बंद केला की तो शिकलेलं सगळं विसरून कोरा होतो. एरवी त्यासाठी भिंतीशी उभं राहून बटण मोजत दाबावं लागतं. आषाढातली वीज हे काम फुकट करते.

मग ती रात्रभरासाठी जाते आणि पावणेतीनला परतते. बाबांचा ताप घाम येऊन नुकताच उतरलेला, नुकताच त्यांचा डोळा लागलेला. कोरा बल्ब कोणालाही न विचारता लख्ख पांढरा पेटतो. फोनला तो सापडत नाही, स्पीकर पावसाची शक्यता सांगतो, आणि भिंतीवरचं बटण तुम्ही दुपारीच काढून ठेवलेलं असतं, कारण स्मार्ट घरात बटण कशाला? बाबा डोळ्यांवर हात ठेवून विचारतात, "उजाडलं का रे?"

आता बल्ब हातानेच काढायचा. तो उंचावर आहे. स्टूल राऊटरखाली आहे.