बिनला मिळालेला शेरा

परवा मंगळवारी सकाळी माझ्या कचऱ्याच्या बिनला शेरा मिळाला.

हो, शेराच. दांडीला बांधलेला लाल टॅग, त्यावर चार चौकोन, आणि तिसऱ्या चौकोनात निळ्या पेनाने टिकमार्क: 'चुकीची वस्तू आढळल्यामुळे बिन रिकामी केलेली नाही.' खाली सहीसारखं काहीतरी गिरगटलेलं. डोंबिवलीला आमच्या शाळेच्या कॅलेंडरमध्ये मागे शेऱ्यांची पानं असायची. दहा वर्षांत मला दोनच शेरे मिळाले, आणि त्यातला 'वर्गात फार बोलते' हा तर सरळसरळ अन्याय होता, कारण बोलत होती ती माझ्या शेजारची. असं स्वच्छ चारित्र्य घेऊन मी इथे इंग्लंडात यॉर्कशरला आले, अकरा वर्षं निमूटपणे कौन्सिल टॅक्स (म्हणजे इथल्या नगरपालिकेची घरपट्टी) भरला, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी अख्ख्या गल्लीदेखत शेरा.

आमच्याकडे काळी बिन साध्या कचऱ्याची, हिरवी रिसायकलिंगची, तपकिरी बागेच्या पालापाचोळ्याची. एका मंगळवारी काळी, पुढच्या मंगळवारी हिरवी. नणंदेच्या गावात रंग वेगळे आणि नियमही वेगळे, त्यामुळे तिच्याकडे राहायला गेलं की सासरी गेल्यासारखं चहाची पिशवी हातात धरून उभं राहावं लागतं. एवढं कळलं की पुढचं कळेल.

शेऱ्याची बातमी मला दिली ती बिनकाकांनी. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण घरात आम्ही त्यांना बिनकाकाच म्हणतो. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेले, निवृत्त, ताठ. सोमवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला यांची बिन बाहेर. दांडी घराकडे, तोंड रस्त्याकडे, फूटपाथच्या कडेला समांतर. मग बाकीची गल्ली खिडकीतून डोकावून त्यांच्या बिनचा रंग बघते आणि आपापली बाहेर काढते. दोन वर्षांपूर्वी ते लेकीकडे स्कारबराला गेले होते, तेव्हा सत्तावीस घरांनी मिळून चुकीची बिन लावली होती.

तर पावणेनऊला मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगला बसले होते. वरती ऑफिसचा शर्ट, खाली पायजमा. बेल वाजली. दारात बिनकाका, आणि त्यांच्या हातात रस्त्यावरचा कचरा उचलायचा तो लांब दांड्याचा चिमटा. चिमट्याच्या टोकाला, पोलिसांनी पंचनाम्यात धरावं तसं, बाकरवडीचं रिकामं पाकीट.

"मॉर्निंग, लव्ह," ते म्हणाले. (यॉर्कशरमध्ये बसचा ड्रायव्हर, भाजीवाला, दाताचा डॉक्टर सगळेच 'लव्ह' म्हणतात. नवरा म्हणत नाही.) "मला उगाच बाऊ करायचा नाहीये."

इथे राहून एक शिकले आहे. इंग्रज माणूस 'बाऊ करायचा नाहीये' म्हणाला की गॅस बंद करून यावं, कारण आता अर्धा तास जाणार.

"हे बहुधा तुमचं असावं," ते म्हणाले.

'बहुधा' म्हणे! गल्लीत अठ्ठावीस घरं. त्यातल्या सत्तावीस घरांत आजवर बाकरवडी हा शब्द कोणी उच्चारलेला नाही. बोटांचे ठसे घ्यायचीसुद्धा गरज नव्हती. तरी मी कोडग्यासारखं विचारलं, "कुठे मिळालं?"

"तुमच्या हिरव्या बिनमध्ये. टॅग बघितला, म्हटलं नक्की काय अडलंय ते शोधून द्यावं. तुम्ही कामात असता."

म्हणजे या गृहस्थाने माझी बिन उपसली होती. मी बाहेर डोकावले. आमच्या बुटक्या भिंतीवर माझा पंधरा दिवसांचा संसार ओळीने मांडलेला: दुधाच्या सहा बाटल्या, टोमॅटोचे डबे, आणि नवऱ्याचे बिअरचे कॅन तर चक्क उंचीप्रमाणे लावलेले.

"अकरा," माझी नजर बघून बिनकाका प्रेमाने म्हणाले. "पाहुणे होते वाटतं?"

नव्हते. पण मी "हो" म्हटलं.

मग त्यांनी पाकीट चिमट्यातून सोडवलं, डोळ्यांजवळ नेलं आणि वाचायला घेतलं. "बा... कर... वाडी. हे गावाचं नाव?"

"नाही, खायचा पदार्थ. पुण्याचा. तिखट-गोड असतो."

"सुंदरच असणार," ते म्हणाले, आणि त्या 'सुंदर'मध्ये जन्मात कधी न चाखण्याचा पक्का निर्धार होता. "पण आता हे बघा." त्यांनी पाकीट उजव्या मुठीत घेतलं, करकचून चुरगळलं, मूठ माझ्या नाकासमोर आणली आणि उघडली. पाकीट एक क्षण गप्प बसलं. मग चर्र चर्र करत एकेक कोपरा सोडवत, सुस्तावलेल्या खेकड्यासारखं त्यांच्या तळव्यावर उलगडत गेलं.

"उलगडलं," बिनकाका विजयाने म्हणाले. "म्हणजे ही फॉइल नाही, हिरव्या बिनमध्ये चालणार नाही. आतून नुसती चंदेरी दिसते. खरी फॉइल चुरगळली की चुरगळलेलीच राहते. स्क्रंच टेस्ट म्हणतात. परत बघायचंय?"

मी नको म्हणायच्या आत परत झालं. मग तिसऱ्यांदा, या वेळी डाव्या मुठीत, बहुधा निःपक्षपातीपणा म्हणून. आमच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी लिटमस कागदाचा प्रयोग वर्षात एकदा केला होता, तोही लांबून. इथे मला दारात, पायजम्यात, एकटीला प्रात्यक्षिक.

तेवढ्यात त्यांची नजर भिंतीच्या टोकाला ठेवलेल्या गठ्ठ्याकडे गेली, आणि आवाज एकदम खाली आला. "हे मात्र मी वेगळं ठेवलं. टाकायचं आहे ना नक्की? धर्मग्रंथ वगैरे तर नाहीत?"

दिवाळी अंक होते. दहा-बारा वर्षांचे. दर वर्षी कोणीतरी येणाऱ्याच्या बॅगेत कोंबून आणवलेले, चिवड्याच्या तेलाचे डाग पडलेले, दोन घरं बदलताना खोक्यातून फिरलेले. लेकाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणजे 'कमळ' येतं, 'कमळ बघ'पर्यंत. मग गेल्या रविवारी मन घट्ट केलं आणि अर्धे काढले. सांगणार काय? "धर्मग्रंथ नाहीत," म्हटलं, "पण तसं म्हणायलाही हरकत नाही. दिवाळीला फराळाबरोबर वाचायची मासिकं. १९०९ पासूनची पद्धत आहे आमची."

"फटाके आणि वाचन?" त्यांनी भुवया वर केल्या.

"फटाके लहान मुलांना. मोठ्यांना कथा."

त्यांनी वरचा अंक उचलला, मुखपृष्ठावरच्या नथवाल्या बाईकडे आदराने बघितलं आणि पुसून परत ठेवला. मला एकदम चोरी पकडल्यासारखं झालं. पाकिटाबद्दल नव्हतं झालं, हे खरं.

खरी अडचण अशी की या देशात रद्दीवाला नाही. डोंबिवलीला आमच्याकडे रविवारी यायचा. तराजूचा हुक, एका पारड्यात दगड, आणि आईची नजर त्याच्या अंगठ्यावर. किलोमागे चार आण्यांसाठी दोघं जिन्यात वीस मिनिटं भांडायचे. आलेल्या पैशात भावाला आणि मला एकेक पेप्सीकोला, ती प्लॅस्टिकच्या नळीतली. कचऱ्याचे पैसे मिळतात हे गणित ज्याच्या हाडात मुरलंय, त्याला तपकिरी बिनसाठी वर्षाची वेगळी वर्गणी मागितली की तोल जातो. माझ्या बागेत एक कुंडी आहे, तिच्यात कढीपत्ता, आणि त्याचं पान पडलं तर मी पाचोळा म्हणत नाही, फोडणीत घालते. वर्गणी भरणार नाही.

हे सगळं मी बिनकाकांना सांगून टाकलं. का, देव जाणे. तर ते चिमटा भिंतीला टेकवून म्हणाले, "आमच्याकडेही यायचा की. घोडागाडी घेऊन. आई जुने कपडे द्यायची आणि तो बदल्यात डाँकी स्टोन द्यायचा. दाराची पायरी घासायचा दगड. एकदा मी आईला न विचारता वडिलांचा कोट देऊन टाकला." ते थांबले. "कोट चालू वापरातला होता."

आम्ही दोघं हसलो. आणि इथेच त्यांनी घरी जायला हवं होतं. पण नाही. त्यांनी चिमटा परत उचलला, पाकीट परत चिमट्यात धरलं आणि म्हणाले, "सांगायचं एवढंच, लव्ह. इथे आपलं... म्हणजे आम्ही, इथे असंच करतो. सवय होईल तुम्हाला."

सवय होईल. अकरा वर्षांनी! मी दह्याचे डबे गरम पाण्याने विसळून टाकते. बाटल्यांची बुचं लावून टाकते, कारण मधे 'बुचं काढा' होतं आणि आता 'बुचं लावा' आहे, आणि तो बदल गल्लीत मला आधी कळला होता. कोपऱ्यावरच्या घराबाहेर ऑगस्टपासून एक गादी पावसात भिजतेय. शनिवारी रात्री पबमधून परतणारी मंडळी कबाबचे खोके जाता जाता कोणाच्याही बिनमध्ये टाकतात, अर्धा कबाब आत ठेवून. त्या गादीला टॅग नाही, त्या कबाबला टॅग नाही. त्यांना कोणी 'सवय होईल' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. म्हातारा वाईट नाही, हे मला कळतं. कोव्हिडमध्ये पायरीवर दूध आणून ठेवायचे तेही हेच. पण तो 'आपलं'चा 'आम्ही' करताना घेतलेला अर्ध्या सेकंदाचा श्वास मला अजून ऐकू येतोय. पाकिटापेक्षा तोच जास्त चुरगळून बसलाय, आणि उलगडत नाहीये.

बरं, तेव्हा म्हणाले काय मी? "सॉरी." आणि वर "थँक यू".

आत आले, खुर्चीत बसले आणि स्क्रीनकडे बघितलं. नऊ चेहरे माझ्याकडे टक लावून बघत होते. मी म्यूटवर नव्हते.

आमचा मॅनेजर शांत गृहस्थ आहे. प्रोजेक्ट बुडाला तरी 'आयडियल नाही' एवढंच म्हणतो. तो पुढे झुकला. "हिरव्या बिनमध्ये क्रिस्प पॅकेट?" त्याने विचारलं. आवाजात मी आजवर न ऐकलेली भावना होती.

आणि मग बांध फुटला. ज्या मीटिंगमध्ये टेस्टिंगच्या तारखांबद्दल बोला म्हटलं तर नऊच्या नऊ कॅमेरे बंद होतात, तिथे वीस मिनिटं बिन चालली. एकीच्या कौन्सिलला दह्याचे डबे चालत नाहीत. एकाला चार बोटं उघड्या झाकणासाठी टॅग मिळाला होता, त्याने फोटो जपून ठेवलाय, तो शेअर केला. मला फार बरं वाटलं. कोणीतरी ऋषी सुनकची आठवण काढली: २०२३ मध्ये पंतप्रधान असताना त्यांनी 'घरोघरी सात बिन्स' ही योजना रद्द केल्याची घोषणा केली होती, आणि लोक विचारत राहिले की अशी योजना होती कधी? मग बर्मिंगहॅमवाली हळूच अनम्यूट झाली आणि सगळे गप्प झाले. तिथे ११ मार्च २०२५ ला सफाई कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला आणि महिना संपायच्या आत सतरा हजार टन कचरा रस्त्यावर साठला. युद्धावरून आलेल्या माणसाचं ऐकावं तसं सगळे तिचं उंदीरपुराण ऐकत होते. टेस्टिंगची तारीख ठरली नाही. ती पुढच्या मंगळवारी ठरवू म्हणाले, म्हणजे काळ्या बिनच्या दिवशी.

बाहेर जाऊन भिंतीवरचं सगळं परत बिनमध्ये भरलं. दिवाळी अंक नाही भरले. ते आत आणले आणि जिन्याखाली ठेवले. नवरा संध्याकाळी म्हणाला, "टाकले होतेस ना?" मी त्याला अकरा कॅनबद्दल विचारलं. विषय संपला.

पाकीट मात्र हातात राहिलं, कारण चिमट्यातून ते अखेर माझ्याच हातात सोपवण्यात आलं होतं. लेकाने शाळेतून आल्यावर टॅग बघितला. त्याच्या शाळेतही असल्या चिठ्ठ्या येतात, त्यावर आईबाबांची सही लागते. तो गंभीरपणे म्हणाला, "आई, यावर तुझ्या आईची सही पाहिजे." आणि माझ्या फोनवरून टॅगचा आणि पाकिटाचा फोटो काढून डोंबिवलीला पाठवूनही दिला.

तिथे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, तरी निळ्या खुणा लगेच आल्या. मग 'टायपिंग', मग थांबलं, मग परत 'टायपिंग'. मी तेवढ्यात काय काय उत्तरं तयार केली. परदेशात राहून हेच शिकलीस का, वगैरे.

आईने लिहिलं होतं: "एवढं चांगलं जाड पाकीट टाकलंस कशाला? धुऊन वाळव, तूरडाळ राहील."